मिस्त्री नव्हते तो आठवडा

सांगलीतल्या त्या नव्या संग्रहालयात इंजिनापुढे एक पितळी पाटी लावलेली आहे. तिच्यावर कोरलंय, ‘औद्योगिक युगाचा मूक साक्षीदार’. ज्यानं कुणी हे लिहिलं त्यानं ते इंजिन चालू असताना कधी ऐकलेलं नाही, हे मी शपथेवर सांगते. मूक म्हणे! आमच्या साखर कारखान्याच्या मिल हाऊसमध्ये शेजारच्या माणसाला ‘जरा सरका’ म्हणायचं तर त्याच्या कानात तोंड घालावं लागायचं. माझ्या डाव्या कानाला आज जे कमी ऐकू येतं, त्याचं सगळं श्रेय या मूक साक्षीदाराचं.

आता त्याला लालभडक रंग दिलाय आणि कडेनं सोनेरी पट्टे ओढलेत. बँडवाल्याच्या कोटासारखं दिसतं. दोन पुरुष उंचीचं चाक, मागे ते लांबलचक धूड, आणि पुढे फरशीवर दोन पावलं रंगवलेली. त्या पावलांवर उभं राहून लोक स्वतःचे फोटो काढतात आणि पुढच्या दालनात जातात. हे यंत्र काय करायचं, असं विचारणारा मला तासाभरात एकही भेटला नाही. म्हणून मीच सांगते: ते वाफेवर चालायचं आणि ऊस पिळायच्या मिलचे रोलर फिरवायचं. विलायतेहून बोटीनं आधी कुठल्याशा खासगी कारखान्यात आलं आणि तिथून जुनं म्हणून आमच्या इस्लामपूरकडच्या सहकारी कारखान्यात. हा इतिहास आम्हा सगळ्यांना पाठ होता, कारण ते चालवणारे मिस्त्री दिवसातून एकदा तरी म्हणायचे, “ह्या कारखान्यात अक्कल असल्याली एकच वस्तू हाय, आन् तीबी दुसऱ्यानं वापरल्याली.”

मिस्त्रींना नाव होतं, पण ते हजेरीपुस्तकापुरतं. कारखान्यामागच्या वस्तीवर राहायचे. काटकुळी अंगकाठी, खाकी अर्धी चड्डी आणि डोक्यावर टोपी. टोपी मूळची पांढरी होती असं जुने लोक सांगत, पण पाहिलेला कुणी नव्हता.

कुणाबद्दल बरं बोलायचं नाही, असं त्यांनी बहुधा लहानपणीच ठरवलं असावं. चीफ इंजिनिअरला ते ‘कागद’ म्हणायचे. “कागद आला का रं?” असं त्यांच्या तोंडावर विचारायचे. चेअरमन म्हणजे ‘मोळी’, कारण हंगामाच्या पहिल्या दिवशी गव्हाणीत उसाची मोळी टाकायची आणि फोटो काढून घ्यायचा, एवढंच त्यांचं काम, असं मिस्त्रींचं मत. आणि मी ‘बाटल्या’. मी वाईची, बी.एस्सी. झालेली, लॅबमध्ये केमिस्ट म्हणून लागलेली. रस काढून झाल्यावर उसाचा जो चोथा उरतो त्यात किती साखर वाया चाललीय, हे तपासायचं माझं काम. साखर जितकी कमी उरेल तितकं मिलचं काम चोख. त्यासाठी मी दर दोन तासांनी नमुना घ्यायला मिल हाऊसमध्ये जायचे, आणि मला पाहिलं की मिस्त्री हाताखालच्या तेलवाल्याला ओरडून सांगायचे, “सरक रं, बाटल्या आल्या!” एकदा तर मी भरून ठेवलेला डबा त्यांनी सरळ उलटा केला. का, तर त्यांच्या वाटेत होता.

साखर कारखान्यात जन्म काढून हा माणूस चहा गुळाचा प्यायचा. “साखर म्हंजी उसाचं मढं गं,” ते मला म्हणाले होते. “बघ की, कसं पांढरंफटक पडलंय.” कामगारांना दिवाळीला मिळणारी साखर मात्र ते न चुकता घेऊन जायचे. सवलतीत मिळालेल्या मढ्याला त्यांची हरकत नसायची.

मिस्त्री इंजिनाशी बोलतात, अशी एक गोड गोष्ट कारखान्यात पसरलेली होती. संग्रहालयाच्या उद्घाटनाच्या दिवशी तिथल्या माईकवाल्या मुलीनंही ती गहिवरून सांगितली. मी त्यांना एकदा प्रत्यक्षच विचारलं होतं. मिस्त्री माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले, “लोखंडासंगं बोलाय मी काय खुळा हाय? मानसांसंगं बोलून काय उजेड पडला, त्यो लोखंडासंगं बोलू?”

बेअरिंग तापलंय का, हे ते हाताची मागची बाजू लावून बघायचे. चीफ इंजिनिअरनी थर्मामीटर आणून बसवला. “काचंला ताप कळतो, दुखनं कळत न्हाई,” मिस्त्री म्हणाले, आणि पंधरवड्यात थर्मामीटर फुटला. कुणी फोडला ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. काचेचं ते वाक्य मी पुढे बऱ्याच ठिकाणी स्वतःचं म्हणून खपवलं आहे. पण एका हंगामात बेअरिंग जळालं ते मिस्त्रींच्या हाताखालीच जळालं, हेही सांगायला हवं. ते त्या संग्रहालयात कुणी सांगितलं नाही.

एकदा मुंबईहून एक मंत्री आले होते. पांढरेशुभ्र कपडे, मागे पंधरा माणसं. मिस्त्रींनी हात जोडले, जे त्यांनी आयुष्यात कुणाला जोडले नव्हते. “सायेब, हितं हुबं ऱ्हावा. हितनं लय भारी दिसतंय,” म्हणाले. साहेब उभे राहिले. मिस्त्रींनी दाखवलेल्या जागेवर इंजिनाचा दांडा दर फेऱ्याला तेलाचा एक बारीकसा थेंब उडवायचा. दहा मिनिटांनी साहेब निघाले तेव्हा त्यांच्या पाठीवर मोहरी सांडल्यासारखे डाग होते, आणि ते त्यांना सांगायची एकाचीही छाती झाली नाही. मिस्त्रींनी पुन्हा हात जोडले. त्या एका दिवसापुरतं मला ते आवडले होते.

पण त्यांचा खरा उद्योग हँडलचा. इंजिनात वाफ सोडायच्या मोठ्या व्हॉल्व्हला ताटाएवढं लोखंडी गोल हँडल होतं. पाळी संपली की मिस्त्री नट काढायचे, हँडल पिशवीत घालायचे आणि सायकलला अडकवून घरी घेऊन जायचे. हंगामात कारखाना रात्रंदिवस चालतो. चालतं इंजिन बघत बसायला दुसऱ्या पाळ्यांना माणसं होती, आणि थांबवायचा दांडा वेगळा होता, तो कुणीही ओढावा. पण ऊस अडकून मिल थांबली की पुन्हा वाफ सोडायला हँडल पाहिजे, आणि हँडल मिस्त्रींच्या घरी. मग जीप जायची. मिस्त्री जेवत असले तर जेवण पुरं करून यायचे. हँडल चढवायचे, हात पुसायचे, सगळे चार पावलं मागे सरकलेत का बघायचे आणि मग फिरवायचे. वर्कशॉपनं दोनदा दुसरं हँडल करून दिलं. दोन्ही वेळा ते हरवलं. त्यांच्या हाताखालचा तेलवाला अकरा वर्षं इंजिनाला तेल घालत होता, त्याला त्यांनी हँडलला बोट लावू दिलं नव्हतं. “ते माझ्याबिगर कुनाचं ऐकायचं न्हाई,” असं ते म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर आम्ही सगळे ते मानत होतो.

एका हंगामात, ऐन भरात, मिस्त्री आले नाहीत. ताप आलाय असा निरोप आला. हँडल अर्थात घरीच. दोन दिवस इंजिन चालूच होतं म्हणून कुणाला काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ऊस अडकला आणि मिल थांबली. बाहेर गाड्यांची रांग थेट रस्त्यापर्यंत. दोनदा जीप गेली, दोनदा रिकामी आली. मिस्त्री गोधडी घेऊन पडलेत, बोलत नाहीत, हँडल कुठंय तेही सांगत नाहीत. शेवटी त्या तेलवाल्यानं पाइप आवळायचा मोठा पाना आणला, व्हॉल्व्हच्या उघड्या दांड्याला लावला, कुलदैवताचं नाव घेतलं आणि फिरवला.

इंजिन चालू झालं. कुरकुर नाही, काही नाही. पान्यानं चालू झालं.

तेलवाला घाबरलेला, त्यामुळे त्यानं ते हळू ठेवलं. मिस्त्री नेहमी जोरात चालवायचे, त्यांना तो आवाज लागायचा. आता रोलर हळू फिरले की ऊस जास्त चांगला पिळला जातो. पुढचे चार दिवस चोथ्यात इतकी कमी साखर निघाली की माझंच काही चुकलं असेल म्हणून मी नमुने परत तपासले. चुकलं नव्हतं.

सोमवारी मिस्त्री कामावर आले. दुपारी ते लॅबच्या दारात उभे राहिले. इतक्या वर्षांत ते लॅबमध्ये कधी आले नव्हते. आत मी एकटीच होते. टोपी काढून त्यांनी हातात धरली, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्यांना टक्कल आहे.

“म्या नव्हतो तवा कसं हुतं?” त्यांनी विचारलं.

उलटा केलेला डबा, ‘बाटल्या आल्या’, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं आणि चोथ्यातल्या साखरेच्या रकान्यावर बोट ठेवलं. “मिस्त्री, तुम्ही नव्हता तो आठवडा हंगामातला सगळ्यात चांगला गेला,” मी म्हणाले. खोटं कशाला बोलू, मला आसुरी आनंद झाला.

त्याच पानावर शेजारी दुसरा रकाना होता. दिवसाला किती ऊस गाळला, त्याचा. इंजिन हळू चालल्यामुळे तो बराच कमी झाला होता, बाहेर गाड्यांची रांग वाढत होती आणि चीफ इंजिनिअर रोज तेलवाल्याच्या नावानं खडे फोडत होते. मिस्त्रींशिवाय कारखान्याचं अडलं होतं, चांगलंच अडलं होतं. तो रकाना मी मिस्त्रींना दाखवला नाही. त्याच्यावर माझा पंजा होता.

त्यांनी त्या रकान्यावरून एकदा बोट फिरवलं. मग टोपी घालून निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून हँडल व्हॉल्व्हवरच राहिलं. त्यांनी तेलवाल्याला इंजिन चालू करायला शिकवलं, तेही नीट, न ओरडता. आणि माझ्याशी बोलणं टाकलं. मला पाहून ‘बाटल्या’ म्हणायचंही सोडलं. दोन हंगामांनी टर्बाइन आलं, इंजिन उपटून आवारात बाभळीखाली टाकलं, मिस्त्री निवृत्त होऊन पलूसकडे मुलीच्या गावाला गेले. त्यांना गाठून दुसऱ्या रकान्याचं सांगावं, असं मी दरवर्षी ठरवायचे. सांगायला पंधरा मिनिटं लागली असती. मी गेले नाही. माणूस आपल्या खोडसाळपणाला किती कारणं जोडू शकतो, हे मला तेव्हा समजलं.

बाभळीखालचं इंजिन पुढे एका शिक्षणसम्राटानं उचललं आणि सांगलीत आपल्या कॉलेजशेजारी संग्रहालय काढून त्यात बसवलं. गेल्या महिन्यात त्याचं उद्घाटन झालं. जुन्या कामगारांना आमंत्रणं होती. मी आता साताऱ्याला असते. सकाळच्या एस.टी.नं निघाले आणि आत शिरते तर पुढच्या रांगेत एकच खुर्ची रिकामी, आणि तिच्या शेजारी मिस्त्री. पंच्याऐंशीच्या पुढचे असतील. टोपी नवी होती.

मी बसले. समोर ते लाल धूड.

“लॅबवाली न्हवं तू?” समोरच बघत ते म्हणाले.

“हो.”

“जित्ती हाईस अजून.”

“तुम्हीही की.”

“रंग बघितलास का? पोळ्याला बैल रंगवत्यात तसं केलंय. आन् त्ये हँडल बघ, पितळंचं. देवळातलं हाय जनू.”

“तुमचं जुनं कुठं आहे?”

“कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवलंय. वाऱ्यानं पत्रा उडतो.” मग त्याच आवाजात म्हणाले, “त्या आठवड्यात मला ताप न्हवता.”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते इंजिनाकडेच बघत होते.

“कागदानं मला पोरांम्होरं म्हातारा म्हनलं हुतं. म्हनलं, बघू या म्हाताऱ्याबिगर कसं चालतंय. घरात कान लावून बसलो. तिसऱ्या दिशी आवाज थांबला. म्हनलं, आता येत्याल पाय धराय. जीप आली, म्या गोधडी घितली. परत आली, म्या कूस बदलली. आन् दुपारच्याला आवाज परत सुरू झाला.” त्यांनी टोपी सारखी केली. “तवा मातूर खरा ताप आला बग.”

“मग मला विचारायला का आलात?”

“सगळी म्हनत हुती, मिस्त्री, तुमच्याबिगर लय हाल झालं. मोळीबी म्हनली, त्यो तेलवालाबी म्हनला. म्हनलं, ही तोंडदेखलं बोलत्यात. ती लॅबवाली माझ्यावर जळती, ती खरं सांगंल.”

मी त्यांच्याकडे वळले. “मिस्त्री,” मी म्हणाले, “त्या पानावर आणखी एक रकाना होता...”

तेवढ्यात माईकवाल्या मुलीनं त्यांना पुढे बोलावलं. ‘इंजिनाचे प्राणसखे’ असं काहीतरी ती म्हणाली. मिस्त्री उठले.

बेत असा होता: मिस्त्रींनी पितळी हँडल फिरवायचं आणि इंजिन चालू व्हायचं. वाफ कुठली आणायची? मागे एक इलेक्ट्रिक मोटर लपवलेली होती आणि पडद्याआड एक वायरमन बटणावर बोट ठेवून बसलेला होता. माझी खुर्ची कडेला असल्यामुळे तो मला स्वच्छ दिसत होता. मिस्त्रींना हे कुणी सांगितलेलं नसावं, पण बॉयलर नाही, चिमणी नाही, हे त्यांना दिसत नव्हतं असं मला कुणी सांगू नये.

मिस्त्रींनी हँडलला हात लावला आणि सोडला. इंजिन आधी गरम करावं लागतं, आतलं पाणी काढावं लागतं, नाहीतर सिलिंडर फुटतो, असं त्यांनी टायवाल्या व्यवस्थापकाला सुनावलं आणि खालच्या तोट्या उघडायला लावल्या. त्या रंगानं चिकटल्या होत्या, पाना शोधावा लागला. मग मिस्त्री थंडगार सिलिंडरला हाताची मागची बाजू लावून उभे राहिले. पाहुण्यांनी घड्याळं बघितली. शिक्षणसम्राट फोनवर बोलायला लागले. मागं कुणी हसलं. इतकी माणसं जमली होती, पण सिलिंडर गरम व्हायला वेळ लागतो एवढं समजायचीही त्यांची लायकी नव्हती, आणि मला त्या सगळ्यांचा मनापासून राग आला.

शेवटी मिस्त्रींनी हात पुसले. मागे वळून लोक सरकलेत का बघितलं. आणि दोन्ही हात हँडलकडे नेले.

ते हँडलपर्यंत पोचायच्या आत वायरमननं बटण दाबलं. बिचारा कंटाळला असेल, किंवा हात पुसले हीच खूण समजला असेल. ते प्रचंड चाक आवाज न करता फिरायला लागलं. मिस्त्रींचे हात हँडलपासून वीतभर लांब होते. एक क्षण ते तसेच हवेत राहिले. मग त्यांनी घाईघाईनं हँडल धरलं आणि फिरवलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळे चाकाकडे बघत होते, हातांकडे कुणी बघितलं नाही.

शाल, नारळ, फोटो, सगळं झालं. मिस्त्री येऊन माझ्या शेजारी बसले. त्यांना धाप लागली होती. चाक अजून फिरत होतं.

“तू कडंला हुतीस,” ते हळूच म्हणाले. “तुला दिसलं आसंल. आधी म्या हँडल फिरवलं, का आधी ते चाललं?”

“आधी तुम्ही फिरवलंत,” मी म्हणाले. “मी बघितलं ना. तुम्ही फिरवलंत, मग ते चाललं.”

त्यांनी मान वळवली आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. कीव आल्यासारखं. मग नारळ पिशवीत घातला, गुडघ्यावर हात टेकून उठले.

“आख्ख्या कारखान्यात खरं बोलनारं एकच मानूस हुतं,” ते म्हणाले. “त्येबी बिघडलं.”

आणि दाराकडे चालायला लागले. निदान तेव्हा तरी मी मागे धावून त्यांना दुसऱ्या रकान्याचं सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. त्यांच्याकडून आयुष्यात मला एवढं एकच प्रशस्तिपत्र मिळालं होतं, आणि ते मला परत करवेना.